हद्दीचा दगड

आमच्या तांड्यात गॅसची पहिली टाकी उतरली ती माझ्या दारात. समितीवर आहे म्हणून हिले पहिली, असं लोक म्हणाले, अन् ते खरं होतं. मी काही लाजली नाही. जिनं उभा जन्म चुलीपुढं डोळे चोळत काढला, तिनं एका टाकीपायी कायले लाजावं? टाकीले हळदकुंकू लावलं, वरून धुतलेलं फडकं पांघरलं अन् पहिला चहा मांडला.

तेवढ्यात माझी जाऊ आली. धाकट्या दिराची बायको. आमच्या दोन घरांत एकच कुडाची भिंत, तिच्या घरी फोडणी पडली की ठसका मले लागायचा. बाई हडकुळी, पण जीभ अशी की तांड्याच्या नायकालेही सोडत नसे. टाकीभोवती एक चक्कर मारून म्हणते, "सून चांगली भेटली तुले, बाई. पोट मोठं, तोंड लहान, अन् कान पिळला का पेटते."

मी इतकी हसली की चहा उतू गेला. तिची ती गोष्ट मले आजही आठवते अन् आता हसू येत नाही.

आमचा तांडा पांढरकवड्याहून मुकुटबनकडे जाताना आत वळलं की लागते. घरं, मग वावरं, वावरांच्या टोकाले नाला, अन् नाल्यापलीकडे जंगल. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरायचे. आम्ही कापूस, सोयाबीन, तूर पेरतो अन् एका जागी बसतो. घरात गोरबोली बोलतो, बाहेर मराठी. मी हे मराठीतच लिहून राह्यली, कारण लिहाले-वाचाले मी मराठीतच शिकली. शाळेत नाही. माहे मालक बियाण्याच्या पिशव्या अन् फवारणीचे डबे घरी आणत, त्यावरची अक्षरं पोराच्या पाटीवरच्या अक्षरांशी जुळवत बसायची. पहिला पुरा शब्द मले वाचता आला तो 'विष'.

जंगलात वाघ पाहाले लांबलांबचे लोक येतात. गेटवर तिकीट फाडतात, जिप्सीत बसतात, फोटो काढून जातात. त्या पैशातला काही वाटा जंगलाच्या काठावरच्या गावांले येते. गावची समिती तो कशावर लावायचा ते ठरवते. समितीत बाई पाहिजे असा नियम, अन् बाई वाचणारी पाहिजे असं आमच्या नायकाचं म्हणणं. नायक म्हणजे तांड्याचा मुखिया. तो मले म्हणाला होता, काकी, तू फक्त येऊन बस, बाकीचं आम्ही पाहून घेऊ. मी जाऊन बसली, पण गप्प काही बसली नाही.

त्या पैशानं चांगलं झालं, हे आधी सांगून टाकते. पुढचं वाचून कोणी म्हणेल की जंगलाचा पैसाच खोटा, तसं नाही. तारेचं सौर कुंपण आलं, आम्ही त्याले झटका म्हणतो. झटका आला तेव्हापासून रोही अन् रानडुकरं वावरात शिराले बिचकतात. तांड्यातले तीन पोट्टे गाईड झाले, त्यांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट आला. वाघानं गाय मारली तर पंचनामा होऊन भरपाई येऊ लागली, नाहीतर आधी लोक मेलेल्या गाईवर जहर टाकत, म्हणजे वाघ परत खाले आला की तोही मरे. ते बंद झालं. अन् टाक्या आल्या.

टाकी घेणारीनं एका कागदावर अंगठा द्यायचा होता. आता अभयारण्यात सरपणाले जाणार नाही, गेली अन् काही झालं तर मदत मागणार नाही, असा मजकूर. वनखात्याच्या साहेबांनी बैठकीत भिंतीवर नकाशा लावला होता. हिरवा रंग म्हणजे अभयारण्य, निळी रेघ म्हणजे नाला, असं समजावलं. मी अक्षरं शिकली होती, नकाशा वाचाले कुठं शिकली होती? मले हिरवं अन् निळं एकमेकाले चिकटलेलं दिसलं. अन् तसंही नाल्यापलीकडचं सारं सरकारचं, हे तांड्यात लेकरालेही ठाऊक. मी बायांले तेच सांगितलं. नाला ओलांडला की अभयारण्य. कोणी विचारलं नाही, साहेबानंही टोकलं नाही.

जावेचा अंगठा मी माझ्या हातानं शाईत दाबला. ती म्हणाली, "अंगठा माहा, जबान तुही. पाहून घे बाई, कोणाच्या भरवशावर देऊन राह्यली मी."

पहिल्या काही टाक्या भराले समितीनं अर्धा पैसा दिला. मग तो पैसा दुसऱ्या कामाले लागला. तांड्याच्या तोंडाशी सिमेंटची कमान झाली, तिच्यावर वाघाचं चित्र. त्या ठरावावर माझी सही आहे. कमान झाली तर जिप्सीवाले इथं थांबतील, बाया पापड-लोणचं विकतील, असं बोलणं होतं. जिप्स्या थांबल्या नाहीत. अन् टाकी रिकामी झाली की रिकामीच राहू लागली. माझ्या घरी पोराच्या नोकरीचा पैसा येते, मी भरून घेते. जावेच्या घरी दिराले लकवा मारलेला, डावा हात अन् पाय गेलेला, अन् लेक नवऱ्याचं घर सोडून चार वर्षांची पोरगी कडेवर घेऊन आलेली. त्या घरात टाकीवर भांडी पालथी घालत.

तुम्ही म्हणाल, पऱ्हाट्या नाहीत का? कापूस निघाला की उभ्या पऱ्हाट्या उपटून आम्ही पुढच्या पावसापर्यंत जाळतो, तेच आमचं सरपण. पण बोंडअळीच्या भीतीनं शेतीखात्याचे लोक सांगतात की पऱ्हाट्या घरी रचू नका, वावरातच बारीक करून टाका. तेही बरोबरच असेल. एक खातं म्हणते पऱ्हाटी ठेवू नका, दुसरं म्हणते जंगलात जाऊ नका, अन् भाकर तर रोज लागते.

दसरा होऊन गेलेला. सोयाबीन सोंगून वावरात पडलेलं, ऊन कडक. दुपारी मी खळ्यावर होती. जाऊ अन् आणखी दोघी नाला ओलांडून सरपणाले गेल्या, हे मले माहीत होतं. मी पाह्यलं होतं त्यांले जाताना. जावेनं मले पाहून तोंड फिरवलं, अन् मीही दुसरीकडे पाह्यलं. समितीवरच्या बाईनं पाह्यलं तर तिले बोलावं लागते. म्हणून न पाह्यल्यासारखं करायचं, असं आमच्यात न बोलता ठरलेलं होतं.

त्या दोघी धावत आल्या. एक नुसती नाल्याकडे हात करत होती. माणसं डबे अन् थाळ्या वाजवत पळाली, मीही मागून गेली. नाला तेव्हा गुडघाभर होता.

पलीकडच्या झुडपांतून थोडं आत, एका पळसाखाली ती होती. वाघ डब्यांच्या आवाजानं निघून गेला होता. मानेपाशी काय होतं ते मी लिहीत नाही. तोंड तसंच होतं, जसं रोजचं. बाजूले तिची मोळी बांधून तयार होती, चांगली आवळून बांधलेली. मोळी कोणाचीही सुटेल पण तिची सुटायची नाही. मी तिच्या पायाले हात लावला, पाय गरम होता.

मग कोणीतरी रडाले लागलं अन् कोणीतरी म्हणालं की जंगलाच्या गार्डले फोन लावा. नायक म्हणाला थांबा. अन् सारे माझ्याकडे पाहू लागले. हे मी कधी विसरणार नाही. दहा-बारा माणसं, त्यातली अर्धी माझ्याहून धडधाकट, अन् साऱ्यांचे डोळे माझ्यावर. कारण कागद मीच वाचला होता.

नायक म्हणाला, "काकी, तू सांग. इथं ठेवली तर काय अन् नेली तर काय?"

मी म्हणाली, "इथं सापडली तर एक पैसा भेटणार नाही. धुऱ्यावर घ्या हिले. तिच्याच वावराच्या."

धुरा म्हणजे वावराची कड. त्यांच्या तुरीच्या वावराचा धुरा नाल्याच्या अलीकडे लागूनच. चौघांनी सतरंजीत घातली अन् नाल्यातून आणली. मी तिचं डोकं धरलं होतं, पाण्यात बुडू नये म्हणून. मोळी तिथंच सोडून दोरी कापून काड्या उधळल्या. धुऱ्यावर ती गवत कापत होती असं दिसावं म्हणून मी कोणाचा तरी विळा मागून तिच्या हातापाशी ठेवला, अन् मूठभर गवत उपटून बाजूले टाकलं. सारं मी केलं. दुसऱ्या कोणालेही ते सुचलं नसतं.

अन् खरं सांगते, त्या वेळी मले वाटलं की मी तिच्यासाठी शेवटचं काही चांगलं करून राह्यली. जबान दिली होती ना.

गार्ड आली. वनखात्याची ही पोरगी कोलामाची, जवळच्याच पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, खाकी कपड्यात, मोटरसायकलवर येते. अंगानं लहान, पण तांड्यातले बेवडे तिले भितात. ती आली, बसली, जावेच्या तोंडावरचा पदर नीट केला. मग जमीन पाहू लागली. ओली माती होती, वाघाचा पाय त्यात उमटला असता. उमटला नव्हता. ओढल्याची खूण नाही. रक्त म्हणावं तेवढं नाही. मग तिची नजर माझ्या लुगड्यावर आली, गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

"आजी, नाल्यात उतरल्या होत्या?"

"पाय धुतले," मी म्हणाली.

तिनं एकदा नाल्याकडे पाह्यलं, एकदा माझ्याकडे, अन् वहीत काही लिहिलं नाही. वरचे साहेब आले, पंचनामा झाला. पाच पंच. चौघांनी अंगठे दिले. मी सही केली, चांगल्या वळणदार अक्षरात.

लेक त्या वेळी वणीकडे कापूस वेचाले गेली होती. तिले निरोप गेला, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली. तेव्हा अंगणात गंज लोक होते, गार्डही होती, कारण आणखी एक-दोन जबाब घ्यायचे राह्यले होते.

आमच्या तांड्यात मयताच्या घरी बाया भेटल्या की एकमेकीच्या गळ्यात पडून रडतात. ते नुसतं रडणं नसते. चालीवर बोलत बोलत रडायचं. मेलेलीचं सारं त्यात सांगायचं, ती कशी होती, काय खायची, कोणाले काय बोलायची. गळ्यात पडून जे बोलायचं ते कोणी अडवत नाही, अन् त्यात खोटं कोणी बोलत नाही. बाहेरच्याले ते गाण्यासारखं वाटते.

लेक आली अन् माझ्या गळ्यात पडली. ती मले मोठी याडी म्हणायची, याडी म्हणजे आई. तिनं सूर धरला. याडी, तुह्या हाताची मोळी कशी घट्ट, याडी, तू बापूले कशी भरवायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवून सूर देऊ लागली. अन् मग ती त्याच चालीवर म्हणाली, याडी, विळा घेऊन कोणासाठी गेली गं, आपल्या दारात तर शेळी नाही. शेळी विकली तिचा दोर अजून खुंट्याले आहे. गवत कोणाले घालणार होतीस, याडी.

माझा सूर तिथंच तुटला.

शेळी आठ दिवसांआधी विकली होती. दिराच्या औषधासाठी. खाटीक न्याले आला तेव्हा दोर मीच सोडला होता. अन् त्या धुऱ्यावर, विळा ठेवताना, माझ्या ध्यानात आलं नाही की त्या घरी गवत खाणारं एकही जनावर नाही. लेकीनं माझ्या गळ्यातून हात काढला नाही, पण ती रडायची थांबली. तिले तेव्हाच कळलं. मी मान वर केली तर गार्ड आमच्याकडे पाहत होती. ती पोरगी आमच्या तांड्यातल्या पोरींसोबत खेळत लहानाची मोठी झालेली, गोरबोली तिले चांगली समजते.

त्यानंतर लेकीनं मले मोठी याडी म्हणणं सोडलं. भांडली नाही. कुडाच्या भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज येई, बोलण्याचा नाही.

तातडीची म्हणून जी थोडी मदत आली ती दिवसकार्यातच गेली. मोठी मदत यायची होती. तिच्यावर दिराचं औषध अन् त्या घराचे पुढचे दिवस टांगले होते. फाईल पांढरकवड्याले अडकली. तिकडून निरोप आला की फोटोत ना वाघाचा पाय दिसते ना रक्त, म्हणून घटनास्थळ संशयास्पद आहे.

थंडी पडल्यावर एका सकाळी गार्ड माझ्या घरी आली. चहा घेतला, टाकीवरचाच. मग म्हणाली की आजी, चला, तुम्हाले एक दाखवायचं आहे. आम्ही नाला ओलांडला. आता पाणी घोट्यापर्यंत होतं. त्या पळसापाशी आलो. मले तिथं उभं राहवेना. ती म्हणाली अजून पुढं. आणखी चाळीसेक पावलं चाललो. झुडपांत, वेलींनी गुंडाळलेला, शेवाळ धरलेला एक दगड होता, माझ्या कमरेएवढा. तिनं काठीनं वेल बाजूले केली. दगडावर कोरलेला आकडा होता, पुसट.

"ही हद्द," ती म्हणाली. "अभयारण्य इथून आत सुरू होते. अलीकडे झुडपी आहे."

झुडपी म्हणजे झुडपी जंगल. आमच्या विदर्भात अशा जमिनी आहेत, कागदावर ना धड वावर, ना धड वन. मले शब्द माहीत होता. ते झुडपी नाल्यापलीकडे आहे हे माहीत नव्हतं.

मी विचारलं, "मंग ती?"

"अलीकडे होती, आजी. झुडपीत वाळलेल्या काड्या वेचल्या तर मदत अडत नाही. ती जिथं पडली तिथंच राहू दिली असती, तर एव्हाना फाईल पास झाली असती."

तिनं खिशातून कागदाची पुडी काढली. आत बांगडीचा पांढरा तुकडा होता. जाऊ आमच्या जुन्या रीतीच्या पांढऱ्या बांगड्या घालायची, कोपरापर्यंत, तांड्यात आता दोघी-तिघीच घालतात. गार्डनं तो दुसऱ्या दिवशी सकाळी पळसाखाली उचलला होता. वाघाचे पाय तिनं तेव्हाच पाह्यले होते, उधळलेल्या काड्याही.

मी म्हणाली, मग त्या वेळी बोलली काहून नाहीस, पोरी? तिनं पुडी परत खिशात घातली. मग म्हणाली की बोलली असती तर पाचही पंच अडकले असते, अन् तुमचं नाव पहिलं होतं. मले वाटलं, धुऱ्यावरही मदत मिळतेच, कशाले उकरा? तिनं माझ्यावर दया केली, मी जावेवर केली होती. दोघींनी मिळून त्या घराचं वाटोळं केलं.

घरी येऊन मी सरळ भिंतीपलीकडे गेली. लेक तूर निवडत होती. दीर खाटेवर. मी उभ्या उभ्याच सारं सांगितलं, दगडापर्यंत.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. "मंजे हलवली नसती तर भेटलं असतं?"

"हो."

"तुले हलवाले कोणं सांगितलं होतं?"

"कोणंच नाही. मीच म्हणाली."

"तुले वाचता येते म्हणून विचारलं त्याईनं," ती म्हणाली. "न येणारीले विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मले नाही माहीत बा, राहू द्या तिथंच."

दिरानं उजव्या हातानं खाट धरली होती. त्याची जीभही लकव्यानं जड झालेली. तो मले काहीतरी म्हणाला, दोनदा म्हणाला, मले समजलं नाही. लेकीले समजलं असेल. तिनं सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मी बसनं पांढरकवड्याले गेली अन् खरं काय ते लिहून दिलं. कोणाच्या सांगण्यानं नाही. गार्डनंही तिच्या वहीतली नोंद अन् ती पुडी दिली. साहेब माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन्ही कागद पुढं ठेवून म्हणाला, "आजी, दोन्हीवर सही तुमचीच. आता मी वर कोणता खरा म्हणून पाठवू?"

मी म्हणाली दुसरा. तो म्हणाला पहिल्यावर पाच पंच आहेत, दुसऱ्यावर तुम्ही एकट्या. मी नायकाले अन् बाकीच्यांले विनवलं. ते म्हणाले, काकी, आम्ही तू म्हटलं तिथं अंगठा दिला, आता तू म्हणते म्हणून फिरवू अन् उद्या केस झाली तर? त्यांचंही खोटं नव्हतं. एक जण मात्र हसून म्हणाला की काकीच्या सहीचं वजन आता कमी झालं. ते हसणं मले दिवसभर टोचलं.

होळीनंतर पत्र आलं. दिराच्या नावानं. पोस्टमन माझ्याकडेच घेऊन आला, कारण त्या घरी वाचणारं कोणी नाही. मी पाकीट घेऊन पलीकडे गेली. लेक म्हणाली वाच. मी वाचलं. घटनास्थळाबाबत परस्परविरोधी जबाब असल्यामुळं प्रकरण नामंजूर करण्यात येत आहे. चार ओळी होत्या. वाचता वाचता माझं मले जाणवलं की माझा आवाज बैठकीत ठराव वाचते तसा निघून राह्यला. लेकीनं पत्र घेतलं, घडी घातली, रिकाम्या टाकीखाली ठेवलं.

त्या साली गेटचा वाटा बरा आला. बैठकीत शिवणयंत्रं ठरली, अन् जंगल वाचवा लिहिलेले चार फलक. मी म्हणाली, हद्दीचे दगड साफ करून त्यांले चुना लावा. कोणालेही लांबून दिसले पाहिजेत. साहेबांच्या जागी नवे आलेले, नम्र होते, त्यांनी वही चाळली अन् म्हणाले की आजी, सूचना चांगली आहे, पण हे काम यंदाच्या आराखड्यात बसत नाही, पुढच्या वर्षी मांडू. फलक बसले. एक तर बरोबर त्या पळसासमोर, नाल्याच्या अलीकडे, अन् त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे की पुढं जाऊ नका. म्हणजे हद्द पुन्हा नाल्यावर आली.

मग मीच चुना भिजवला. माझी एक म्हातारी मैत्रीण अन् मी, सकाळी उन्हं वर आल्यावर, काठीनं झुडपं बडवत, मोठ्यानं बोलत गेलो. आमच्या बाजूचे जेवढे दगड सापडले तेवढे खरवडले अन् पांढरे केले. गार्डनं लांबून पाह्यलं, अडवलं नाही. मी तांड्यातल्या एकेका बाईले नेऊन दाखवलं. हा पाहा दगड. इथपर्यंत आपलं. याच्या आत नाही. बाया ऐकत होत्या. काही जणी हसल्याही, की काकीले आता दगडात देव दिसाले लागला. लेकीले सांगाले मी गेली नाही. तिनं इतरांकडून ऐकलं असेल.

अन् मग उन्हाळा लागला. झुडपी ते केवढं? तीस-चाळीस बाया रोज तिथंच वेचू लागल्या, तर महिन्यात जमीन झाडल्यासारखी झाली. पळसाखाली काडी उरली नाही.

पंधरा दिवसांआधीची गोष्ट, सकाळची. चौघी जणी सरपणाले निघाल्या, त्यात लेकही. मी मागून गेली, हल्ली जाते. दगडापाशी त्या थांबल्या. आतमध्ये वाळलेली झाडं पडलेली दिसत होती, हाताच्या अंतरावर. तिघी माझ्याकडे पाहू लागल्या. परत तेच, सारे डोळे माझ्यावर. मी म्हणाली, नका जाऊ. या वेळी मले पक्कं माहीत होतं, हद्द कुठं आहे ते.

लेक बोलली. पत्र वाचलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"घरी बापूले पाणी तापवायचं आहे. तू सांग, कशावर तापवू?"

मी म्हणाली माझी टाकी घेऊन जा. ती म्हणाली, "तुही टाकी सरली की मंग?"

अन् तिनं दगडाच्या बाजूनं पाय टाकला. दगडावरचा चुना तिच्या लुगड्याच्या काठाले लागला. बाकीच्या तिघी तिच्या मागून गेल्या.

मी परत फिरली नाही. तिथंच दगडाले टेकून बसली अन् सोबत नेलेला रिकामा डबा काठीनं वाजवाले लागली, वाघाले ऐकू जावा म्हणून, अन् त्या चौघींलेही, की मी इथं आहे. त्या येईपर्यंत वाजवत राह्यली. आता रोज सकाळी तेच करते. उजवा हात भरून आला की काठी डाव्या हातात घेते.